मर, वांझ आणि कुणपजल : डॉ. य. ल. नेने यांच्या संशोधनकार्याची चिकित्सा

प्रस्तावना

दाणाबंदरात तुरीचा भाव चढला की त्याची चर्चा गिरगावातील चाळींपासून लालबागच्या किराणा दुकानांपर्यंत होते. भाववाढीची कारणे म्हणून अवर्षण, आयातीचे धोरण, साठेबाजी यांचा उल्लेख येतो. शेतातील उभे पीक ज्या दोन रोगांनी हातचे जाते, त्यांची आठवण शहरी चर्चेत सहसा कोणाला होत नाही. पहिला मर रोग. जमिनीत राहणारी फ्युजेरियम वर्गातील बुरशी मुळांवाटे झाडाच्या जलवाहिन्यांत शिरते आणि ऐन फुलोऱ्यात, शेंगा धरण्याच्या वेळी झाड वाळून जाते. दुसरा वांझ रोग. यात झाड मरत नाही. फिकट, चट्टे पडलेली पाने घेऊन ते झुडपासारखे वाढत राहते, मात्र त्याला फुलेच येत नाहीत. शेतकऱ्याने दिलेली ही दोन्ही नावे शास्त्रीय नावांपेक्षा अधिक बोलकी आहेत, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.

या रोगांसमोर टिकणारे वाण ज्या चाचण्यांतून निवडले गेले, त्या चाचण्या उभारणाऱ्यांत डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांचे स्थान अग्रभागी आहे. १९३६ मध्ये ग्वाल्हेर येथे जन्मलेल्या आणि २०१८ मध्ये निधन पावलेल्या या मराठीभाषक शास्त्रज्ञाची कारकीर्द महाराष्ट्राबाहेर, प्रथम पंतनगर येथे व नंतर हैदराबादजवळील पाटनचेरू येथे घडली. लेखन प्रामुख्याने इंग्रजीत झाले. परिणामी मराठी वाचकाला नेने भेटतात ते बहुधा वृक्षायुर्वेदाचे आणि कुणपजलाचे पुरस्कर्ते म्हणून. सेंद्रिय शेतीवरील पुस्तिकांत त्यांचे नाव आधारासारखे दिले जाते. हा आधार नेमका कशाचा आहे, हे तपासणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे. नेने यांनी पूर्वार्धात रोगसंशोधनाची जी कसोटी घडवली, तीच त्यांच्या उत्तरार्धातील प्रतिपादनास लावली तर काय हाती लागते, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

खैरा : जो रोग नव्हताच

इलिनॉय विद्यापीठातून पीएच.डी. घेऊन परतलेले नेने उत्तर प्रदेशाच्या तराई भागात, पंतनगरच्या नव्या कृषी विद्यापीठात काम करू लागले. तेथील भातपिकावर एक विकृती दिसत होती. पुनर्लागणीनंतर पानांवर विटकरी-तपकिरी ठिपके पडत, ते एकमेकांत मिसळत, रोपे खुजी राहत. पानांचा रंग खैराच्या कातासारखा दिसे, म्हणून शेतकरी त्याला खैरा म्हणत. पान खाणाऱ्या आपल्या समाजाला हा रंग समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

वनस्पतिरोगशास्त्रज्ञाने अशा वेळी प्रथम बुरशी, जिवाणू अथवा विषाणू शोधावा, हे त्याच्या प्रशिक्षणाला धरून आहे. नेने यांचे प्रशिक्षण तर विषाणुशास्त्राचेही होते. तरीही १९६६ मध्ये भारतीय वनस्पतिरोगशास्त्र परिषदेच्या पत्रिकेत त्यांनी जो निष्कर्ष मांडला, त्यात रोगकारक सूक्ष्मजीव कोणताच नव्हता. तराईच्या चुनखडीयुक्त जमिनीत भाताला जस्त मिळत नव्हते. उपाय म्हणून हेक्टरी ५ किलो झिंक सल्फेट आणि २.५ किलो विरलेला चुना १००० लिटर पाण्यात मिसळून फवारण्याची शिफारस पुढे सर्वत्र रूढ झाली. शेतात वाढणाऱ्या भातातील जस्ताच्या कमतरतेचे हे आरंभीचे, आणि जगभर मान्यता पावलेले निदान होय. पुढे पश्चिम पाकिस्तानात 'हड्डा' नावाने ओळखली जाणारी भाताची विकृतीही याच कारणाची असल्याचे दिसून आले.

या संशोधनाचे महत्त्व सांगताना बहुतेक लेखक उत्पादनवाढीवर थांबतात. आमच्या मते त्याचे खरे महत्त्व पद्धतीत आहे. रोगशास्त्रज्ञाने आपल्याच शास्त्राच्या कक्षेबाहेरचे कारण स्वीकारले. जस्त दिलेल्या वाफ्यात पीक सावरते आणि न दिलेल्या वाफ्यात सावरत नाही, हा फरक त्याने प्रमाण मानला. 'वनस्पतीला झालेला प्रत्येक विकार हा कोणत्या तरी जिवाचा हल्ला असतो' हे गृहीतक त्याने प्रमाण मानले नाही. शिवाय उपाय असा सांगितला की तो किलो आणि लिटरमध्ये कोणालाही पुन्हा करून पाहता येईल. ही शेवटची बाब वाचकाने ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यावयाचे आहे.

रोग घडवून आणण्याचे शास्त्र

१९७१ मध्ये नेने यांचा बुरशीनाशकांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढील आवृत्त्यांत पी. एन. थपलियाल हे सहलेखक झाले आणि कृषी महाविद्यालयांच्या अनेक पिढ्यांनी तो अभ्यासला. या ग्रंथामुळे एक सोयीची कथा तयार झालेली दिसते : रासायनिक औषधांचा पुरस्कार करणारा शास्त्रज्ञ उतारवयात पश्चात्तापाने परंपरेकडे वळला. ही कथा आकर्षक आहे, परंतु कालानुक्रमाशी जुळत नाही. बुरशीनाशके आणि वृक्षायुर्वेद यांच्या मध्ये १९७४ ते १९९६ अशी आंतरराष्ट्रीय अर्ध-शुष्क उष्णकटिबंधीय पीक संशोधन संस्थेतील, म्हणजेच इक्रिसॅटमधील, बावीस वर्षे आहेत. त्या वर्षांत त्यांचा भर फवारणीवर नव्हता. पिकाच्या अंगच्या प्रतिकारावर होता. कोरडवाहू तूर आणि हरभरा घेणाऱ्या शेतकऱ्याला महागडी औषधे परवडत नाहीत, आणि जमिनीतल्या बुरशीवर फवारणीचा उपयोगही मर्यादित, हे त्यामागचे साधे कारण होते.

प्रतिकारक वाण शोधावयाचा तर आधी रोग खात्रीने घडवून आणता आला पाहिजे. निसर्गात रोग कधी येतो, कधी येत नाही; शेताच्या एका कोपऱ्यात येतो, दुसऱ्यात नाही. अशा शेतात निरोगी राहिलेले झाड प्रतिकारक आहे की केवळ नशीबवान, हे ओळखता येत नाही. सर्व वनस्पति-प्रतिकार संशोधनाचा हा मूळ पेच आहे आणि नेने यांच्या गटाने तो ज्या प्रकारे सोडवला, तो भाग त्यांच्या कारकिर्दीत सर्वाधिक वाचनीय आहे.

हरभऱ्याच्या मर रोगासाठी त्यांनी मरग्रस्त शेत तयार केले. कृषी विद्यापीठांत याला 'सिक प्लॉट' म्हणतात. रोगाने मेलेल्या झाडांचे अवशेष जमिनीत मिसळावयाचे, तेथे मुद्दाम रोगाला बळी पडणारा वाण पेरावयाचा, तोही मेला की पुन्हा तेच. असे करीत सर्व शेतभर बुरशीचे प्रमाण सारखे व पुरेसे होईपर्यंत थांबावयाचे. मग चाचणीचे वाण ओळींनी पेरावयाचे आणि ठरावीक ओळींनंतर एक ओळ जे. जी. ६२ या वाणाची ठेवावयाची. जे. जी. ६२ हा हरभरा या बुरशीपुढे टिकत नाही. त्याची ओळ मेली तर शेजारच्या जिवंत ओळीला अर्थ आहे. ती जगली तर त्या जागेवरचा निकालच बाद. डॉ. नेने आणि डॉ. एम. पी. हवारे यांनी १९८० मध्ये या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. मरणारी ओळ हीच जगणाऱ्या ओळीची साक्षीदार, अशी ही रचना आहे.

तुरीच्या वांझ रोगाची अडचण निराळी होती. १९३१ मध्ये बिहारमधून त्याची पहिली नोंद झाली होती. तो अतिसूक्ष्म कोळीकिडीमार्फत पसरतो हे ठाऊक होते, परंतु कारक घटक हाती लागत नव्हता. प्रयोगशाळेत रस काढून टोचण्याचा मार्ग बंद होता. १९७६ मध्ये नेने आणि एम. व्ही. रेड्डी यांनी जी युक्ती मांडली ती कार्यालयातल्या कारकुनाला सुचावी अशी आहे. कोळीकीड असलेले रोगट झाडाचे पान घ्यावयाचे, कोवळ्या रोपाच्या पहिल्या पानावर ठेवावयाचे आणि साध्या कागदी स्टेपलरने टाचावयाचे. रोगट पान वाळू लागले की किडी आपोआप ताज्या पानावर सरकतात आणि सोबत रोग नेतात. हजारो रोपांची छाननी त्यामुळे शक्य झाली. या रोगाचा विषाणू प्रत्यक्ष ओळखला गेला तो २००० च्या सुमारास, आणि आज तो एमाराव्हायरस गटात गणला जातो. म्हणजे शत्रूचे नाव कळण्याआधी सुमारे दोन तपे त्याच्याविरुद्धची निवड सुरू होती!

या छाननीची फळे महाराष्ट्राच्या शेतात दिसली. मराठी मुलखातील एका स्थानिक तुरीतून निवडलेला आय. सी. पी. ८८६३ हा मरप्रतिकारक वाण १९८६ मध्ये कर्नाटकात 'मारुती' या नावाने प्रसारित झाला. १९९३ मध्ये 'आशा', म्हणजे आय. सी. पी. एल. ८७११९, आला, तो मर आणि वांझ या दोहोंना दाद देत नाही. मराठवाड्यातील बदनापूर केंद्राच्या बी. एस. एम. आर. ७३६ या वाणाच्या तर नावातच वांझ रोगाच्या प्रतिकाराची आद्याक्षरे आहेत. हे वाण अनेकांच्या श्रमांचे फळ आहे; पैदासकारांचे श्रेय रोगशास्त्रज्ञाच्या खात्यावर जमा करणे योग्य होणार नाही. परंतु चाळणी कोणाची होती, हेही विसरता येत नाही.

येथे एक तपशील विशेष विचारार्ह वाटतो. मर रोगासमोर खंबीर उभा राहणारा 'मारुती' वांझ रोगापुढे इतका दुबळा आहे की वांझ रोगाच्या चाचण्यांत तोच बळी पडणारा तुलनेचा वाण म्हणून पेरला जातो. मराठीत आपण 'रोगप्रतिकारशक्ती' असा एकच सैल शब्द वापरतो. जणू ती अंगातली एक सर्वसाधारण ताकद आहे, चांगल्या खुराकाने वाढते आणि सर्व रोगांवर सारखी चालते. 'मारुती'चे उदाहरण ही समजूत एका फटक्यात मोडते. झाडाचा प्रतिकार पुष्कळदा कोणत्या तरी एका शत्रूविरुद्धचा असतो, आणि शत्रूही बदलतो. हरभऱ्याच्या मर बुरशीच्या भारतात चार प्रजाती-शर्यती, म्हणजे 'रेस', असल्याचे हवारे आणि नेने यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले. एका ठिकाणचा प्रतिकारक वाण दुसऱ्या ठिकाणी का मरतो, याचे उत्तर त्यातून मिळाले.

न विचारलेला प्रश्न

नेने यांच्या या कार्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. कोणते झाड तगते, हे त्यांनी अत्यंत काटेकोरपणे विचारले. ते कसे तगते, हा प्रश्न त्यांच्या संशोधनात दुय्यम राहिला. अमेरिकेत एच. एच. फ्लोर यांनी जवसाच्या तांबेऱ्यावर काम करून १९४० च्या दशकातच दाखवले होते की झाडातील प्रतिकाराचे जनुक आणि रोगकारकातील जनुक यांची जोडी असते. १९९२-९३ मध्ये मका आणि टोमॅटोमधील अशी पहिली जनुके हाती आली. २००६ मध्ये जोनाथन जोन्स आणि जेफ्री डँगल यांनी वनस्पति-प्रतिकाराचे दोन स्तर एकत्र मांडले : पहिला स्तर सूक्ष्मजीवांच्या सर्वसामान्य खुणा ओळखणारा, दुसरा विशिष्ट रोगकारकाने पेशीत सोडलेली प्रथिने ओळखणारा. या साऱ्या घडामोडींच्या तुलनेत पाटनचेरूचे काम अनुभवाधिष्ठित वाटते, आणि ते तसे आहेही.

तथापि याचा दोष संपूर्णपणे व्यक्तीकडे जात नाही. संस्थेचे उद्दिष्ट वाण देणे हे होते. शिवाय यंत्रणा शोधणाऱ्यांना लागणारी सामग्री, म्हणजे खात्रीने मरणारी आणि खात्रीने जगणारी झाडे, अशाच छाननीतून मिळते. २०१२ मध्ये तुरीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा त्यासाठी निवडलेला वाण 'आशा' होता, हे या दृष्टीने सूचक आहे.

वृक्षायुर्वेदाचा अध्याय

१९९४ मध्ये नेने यांनी सिकंदराबाद येथे आशियाई कृषि-इतिहासासाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले. १९९६ मध्ये प्रतिष्ठानाने सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद' प्रसिद्ध केला. त्याचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातून मिळवण्यात आले होते. इंग्रजी अनुवाद डॉ. नलिनी साधले यांचा. पुढे 'कृषिपराशर', दारा शुकोहच्या नावावर असलेला फारसी 'नुस्खा दर फन्नी-फलाहत', 'काश्यपीयकृषिसूक्ति' असे ग्रंथ अनुवादित झाले. १९९७ पासून 'एशियन ॲग्री-हिस्टरी' हे त्रैमासिक निघू लागले. वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकाला संस्कृत आणि फारसी कृषिग्रंथ मूळ संहितेसह उपलब्ध व्हावेत, ही सेवा मोठी आहे. यासंबंधी दुमत संभवत नाही.

मतभेद सुरू होतो तो ग्रंथातील उपायांना आजच्या शेतासाठी प्रमाण मानण्याच्या टप्प्यावर. सुरपालाने वृक्षांच्या रोगांचे वात, पित्त, कफ असे वर्गीकरण केले आहे आणि पोषणासाठी कुणपजल सांगितले आहे : प्राण्यांचे मांस, मज्जा, मासळी आदी शिजवून, त्यात तिळाची पेंड, उडीद, मध, दूध, तूप इत्यादी मिसळून भांड्यात आंबवलेले द्रव्य. नेने यांनी कुणपजलाचा आग्रहाने पुरस्कार केला. या काळातील त्यांच्या लेखनात उत्पादकांचे अनुभव पुष्कळ येतात : अमुक बागेत पाने टवटवीत झाली, तमुक ठिकाणी रोग कमी झाला. हे अनुभव खोटे आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु येथे जे. जी. ६२ ची ओळ कोठे आहे? ज्या लेखकाने तुलनेची ओळ मेल्याखेरीज शेजारच्या ओळीचा निकाल मान्य केला नाही, त्याने बागायतदाराच्या समाधानाला पुराव्याच्या जवळपास बसवावे, ही विसंगती डोळ्याआड करता येत नाही.

दुसरा आक्षेप मोजमापाचा आहे. खैऱ्याचा उपाय किलो आणि लिटरमध्ये सांगता आला. कुणपजलाचे घटक मात्र ग्रंथागणिक, प्रांतागणिक आणि करणाऱ्यागणिक बदलतात. मांसविरहित कुणपजल असाही प्रकार पुढे रूढ झाला. एकाच नावाखाली इतकी भिन्न द्रव्ये असतील तर एका ठिकाणचे यश दुसऱ्या ठिकाणचा पुरावा होत नाही, आणि एका ठिकाणचे अपयश 'कृती चुकली' म्हणून बाजूला सारता येते. जो दावा अपयशाने डागाळतच नाही, त्याची परीक्षा घेणे शक्य नसते.

यावर एक प्रतिवाद अलीकडे ऐकू येतो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. आंबवलेल्या द्रव्यात जिवाणू विपुल असतात. जिवाणूंच्या चाबकासारख्या अवयवातील फ्लॅजेलिन या प्रथिनाचा तुकडा वनस्पतिपेशीवरील ग्राहक ओळखतो आणि झाड सावध होते, हे २००० पासून ठाऊक आहे. मग कुणपजल हे झाडाचा पहिला प्रतिकारस्तर जागे करणारे द्रव्य का असू नये? प्रश्न रास्त आहे. मात्र 'असू शकेल' आणि 'आहे' यांतील अंतर प्रयोगानेच तोडावे लागते. कुणपजलात सहज मिळणारा नत्र भरपूर असतो. नत्राने पाने हिरवीगार होतात, हे कोणत्याही खताने घडते. इतकेच नव्हे, नत्र अधिक झाल्यास काही रोग बळावतात. भाताचा करपा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. तेव्हा टवटवीत पान हे प्रतिकाराचे लक्षण मानणे म्हणजे खैऱ्याच्या तपकिरी पानात विषाणू पाहण्यासारखेच आहे.

हा वाद केवळ ग्रंथालयातला नाही. मध्य मुंबईतील महाविद्यालयांच्या प्रकल्पवह्या तपासताना गेली काही वर्षे कुणपजलाचे प्रयोग वारंवार समोर येतात. दादरच्या मासळीबाजारातील टाकाऊ भाग आणावयाचे, गुळाबरोबर आंबवावयाचे, गच्चीवरील मिरची-टोमॅटोच्या कुंड्यांना घालावयाचे आणि शेजारच्या कुंडीला नुसते पाणी. अर्थातच पहिली कुंडी जिंकते. विद्यार्थी निष्कर्षात 'रोगप्रतिकारशक्ती वाढली' असे लिहितो, संदर्भ म्हणून नेने यांचे नाव देतो, आणि प्रयोगभर त्या कुंड्यांवर एकही रोग आलेला नसतो. विद्यार्थ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याच्या हाती पोहोचलेले नेने अर्धेच आहेत. ग्रामीण भागात हाच निष्कर्ष विकत घेतला जातो. बाटलीबंद द्रव्यावर खर्च करून मरग्रस्त शेतात साधी तूर पेरणारा शेतकरी, त्याच खर्चात प्रतिकारक वाणाचे बियाणे घेऊ शकला असता.

अशा प्रकल्पाची मांडणी नेने यांच्याच १९८० च्या पद्धतीने करणे अवघड नाही. कुंड्यांचे चार गट लागतील : नुसते पाणी, कुणपजल, कुणपजलात मोजला गेला तितकाच नत्र युरियातून, आणि उकळून जिवाणू मारलेले कुणपजल. पीक म्हणून हरभरा घ्यावा, कारण त्याला गच्चीवरही जागा पुरते. प्रत्येक गटात जे. जी. ६२ आणि एक मरप्रतिकारक वाण असावा, माती सर्व कुंड्यांत मरग्रस्त असावी, आणि ती माती प्रयोगानंतर महाविद्यालयाच्या बागेत न टाकता निर्जंतुक करावी. पाण्याच्या गटातील जे. जी. ६२ मेल्याशिवाय नोंदवही उघडू नये. कुणपजलाच्या गटातील जे. जी. ६२ त्यानंतरही उभा राहिला आणि युरियाच्या गटातील राहिला नाही, तर सुरपालाच्या श्लोकांकडे रोगशास्त्रज्ञाने पुन्हा वळावे. उकळलेल्या द्रव्याचा गट त्या वेळी जिवाणू जिवंत असणे आवश्यक आहे किंवा कसे, हेही सांगू शकेल.